एकोणीस एकांचा ताळा

एकोणीस वेळा एक लिहायचा, शेजारी शेजारी, मध्ये जागा न सोडता. झाला आकडा. पहिलीतल्या पोराच्या हातात पाटी दिली तर तेही लिहील. पण या आकड्याने आमच्या फणसवाडीतल्या दोन खोल्यांत महिनोन् महिने मुक्काम ठोकला, माझ्या भावाला घराबाहेर पडू दिलं नाही, आईला गच्चीची किल्ली पदराला बांधून हिंडायला लावलं आणि माझ्या वडिलांकडून असं एक काम करून घेतलं जे त्यांनी जन्मात कधी केलं नव्हतं. माणसांबद्दल लिहायला बसले की मला पुष्कळ सुचतं. या आकड्याचं नाव काढलं की अजून राग येतो, म्हणून हे प्रकरण मी आजवर टाळत आले.

आम्ही चौघं. नाना एका विमा कंपनीच्या हिशेबखात्यात कारकून होते. आई घरात, मी शाळेत, आणि माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा मोहन, म्हणजे दादा, कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. करत होता. चाळीच्या तळमजल्यावर लग्नपत्रिका छापणारा छापखाना होता. त्याचं यंत्र सकाळी सुरू झालं की आमच्या फळीवरची भांडी बारीक थरथरायची, आणि दुपारी कामगार जेवायला गेले की एकदम इतकं शांत व्हायचं की शेजारच्या बर्वेकाकूंच्या फोडणीची मोहरीसुद्धा ऐकू यायची. त्या यंत्राच्या तालावर दादा लहानपणापासून गणितं सोडवत आला होता. शाळेत त्याचा पहिला नंबर कधी चुकला नाही. त्यामुळे बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला तो नापास झाला तेव्हा आम्हाला आधी वाटलं, कॉलेजनेच काहीतरी घोळ घातला असणार.

घोळ कॉलेजचा नव्हता. पेपरातल्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्याला तीन वेगवेगळ्या रीतींनी सुचलं. तिन्ही रीती त्याने सविस्तर मांडल्या आणि तोवर वेळ संपली. बाकीचा पेपर कोरा. हे त्याने आम्हाला हसत हसत सांगितलं आणि त्याच संध्याकाळपासून तो घराबाहेर पडायचा बंद झाला. दाढी वाढली. मित्र गॅलरीत येऊन हाका मारायचे, "मोहन्या, खाली चल ना रे, चौपाटीवर जाऊ," आणि हा दाराआडून मला म्हणायचा, "कुमे, सांग, झोपलाय." मी दोन-तीनदा सांगितलं. मग मित्रांनीच यायचं सोडलं.

एकांचा नाद त्याला तेव्हा लागला. अकरा ही मूळ संख्या आहे, एकाने आणि स्वतःने सोडून तिला कशानेच भाग जात नाही, एवढं तर मलाही माहीत होतं. तो पुढचं सांगायचा. तीन एक लिहिले, एकशे अकरा, की ते तीनने फुटतात. पाच एक लिहिले की एक्केचाळीसने फुटतात. पंधरा लिहिले तर त्यांचे तीन-तीनांचे गट पडतात, म्हणून ते फुटायलाच हवेत. जिथे एकांचे सारखे गट पडतात तो आकडा वाचत नाही, पण गट पडत नाहीत म्हणून वाचेलच असंही नाही. तेरा एक पहिल्याच फटक्यात त्रेपन्नने फुटले. अकरा एकांनी मात्र त्याचा महिनाभर खाल्ला आणि शेवटी एकवीस हजार सहाशे एकोणपन्नास या कुठल्या कुठल्या आकड्याने ते फुटले. त्या दिवशी तो जेवला नाही. सतरा एक फुटतात अशी तळटीप त्याच्या एका जुन्या पुस्तकात होती. एकोणिसांबद्दल त्यात अक्षर नव्हतं, आणि दादाला तेव्हा एकोणिसावं चालू होतं. एवढं निमित्त त्याला पुरलं.

"हा फुटणार नाही बघ," तो मला म्हणाला. डोळे लाल झालेले, बोटांना शिसं लागलेलं. "ह्याला कुणी भागू शकत नाही, कुणी वाटून घेऊ शकत नाही. मी सिद्ध करणार, आणि मगच खाली उतरणार."

"आणि फुटला तर?" मी विचारलं.

"मग आधीच उतरेन," तो म्हणाला, आणि ते तो कसं म्हणाला ते मला आवडलं नाही.

आईला गणितातलं काही कळत नव्हतं, पण मुलाच्या हातातली पेन्सिल सुटली पाहिजे एवढं तिला नेमकं कळलं होतं. ती बाजारातून मुद्दाम बारीक काट्यांचा पाला मासा आणायला लागली. एरवी आमच्याकडे काटे लागतात म्हणून तो कुणी आणत नसे. पण काटे काढायचे तर दोन्ही हात गुंततात, नजर ताटात ठेवावी लागते, आणि तेवढा वेळ तरी पोरगं आकड्यातून बाहेर येतं. ती समोर बसून त्याचं जेवण बघत राहायची, "सावकाश, घशात जाईल," म्हणायची आणि तो सावकाश जेवला की तिच्या चेहऱ्यावर जरा रंग यायचा. माझ्या घशात मात्र तो काटा रोज लागायचा, पण माझं कोण ऐकतंय.

नानांनी आधी रागावून पाहिलं. मग ऑक्टोबरची परीक्षा दोन-तीन महिन्यांवर आली, दादाने पुस्तकाला हात लावला नाही, आणि नानांनी हात टेकले. एका संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर त्यांनी कोट खुंटीला लावला, दादाशेजारी पाट ओढला आणि म्हणाले, "दे, मला पण एक भागाकार दे."

दादा त्यांच्याकडे बघतच राहिला. पुष्कळ दिवसांनी तो वडिलांशी बोलला. एकोणीस एकांना जी मूळ संख्या भागेल तिला अडतीसने भागल्यावर बाकी एकच उरली पाहिजे, हे त्याने सिद्ध करून ठेवलं होतं, म्हणून तेवढ्याच संख्या तपासायच्या होत्या. त्यातल्या काही त्याने नानांना दिल्या. तेव्हापासून रोज दिवेलागणीला बापलेक शेजारी बसून एकाच आकड्याला वेगवेगळ्या संख्यांनी भागत राहायचे. बर्वेकाकू आईला म्हणाल्या, "एकाचं होतं, आता दोघांचं झालं हो!"

नानांच्या कामाची रीत इथे सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. कुठलाही हिशेब झाला की ते नवाचा ताळा घ्यायचे. आकड्यातल्या अंकांची बेरीज करायची, एकच अंक उरेपर्यंत, आणि दोन्ही बाजूंचे ते अंक जुळतात का बघायचं. जुळले नाहीत तर हिशेब चुकला. पण ताळा जुळला म्हणून नाना कधीच थांबत नसत. शेजारचे दोन अंक उलटे पडले, चौऱ्याहत्तरचे सत्तेचाळीस झाले, तर बेरीज तीच राहते आणि ताळ्याला चूक दिसत नाही. म्हणून ताळ्यानंतर ते बोट ठेवून प्रत्येक आकडा उजवीकडून डावीकडे, मागून पुढे मोठ्याने वाचायचे. ऑफिसात यावरून त्यांची चेष्टा व्हायची, पण त्यांच्या हाताखालून गेलेल्या कागदावर अंक उलटला असं कधी झालं नाही, आणि त्याचा त्यांना मनातून केवढा तरी गर्व होता. आम्हा दोघांना त्यांनी वाचायला शिकवलं तेही याच रीतीने. एकोणीस एक हा आकडासुद्धा पहिल्या दिवशी त्यांनी सवयीने मागून वाचला, "एक, एक, एक..." आणि दादा खो खो हसला. त्या सगळ्या काळातलं त्याचं तेवढंच हसू मला आठवतं.

मग एक दुपार आली. छापखाना जेवणासाठी बंद होता. मी शाळेतून लवकर घरी आले होते, आणि दादा भिंतीला टेकून बसला होता. पेन्सिल खाली होती. मला वाटलं, सुटला.

"कुमे," तो म्हणाला, "मी आज हिशेब केला. किती भागाकार लागतील त्याचा. वर्गमूळापर्यंत जावं लागतं, म्हणजे शंभर कोटींच्या पुढे. आपल्या चाळणीतून गाळून घेतल्या तरी तीस लाखांच्या आसपास संख्या उरतात."

"मग?"

"मग काय? नाना आणि मी रोज बसलो तरी एक आयुष्य पुरत नाही. दोन पुरत नाहीत. चार पुरत नाहीत." तो अगदी शांतपणे बोलत होता. "पूर्ण करता येत नाही, आणि सोडताही येत नाही मला. करून बघितलं. डोळे मिटले तरी भागाकार चालूच राहतो. मग काय करायचं माणसाने, सांग ना. तू सांग."

मला चौदावं चालू होतं. मी काय सांगणार? मी आईला हे सांगितलं, आणि तो 'आधीच उतरेन' म्हणाला होता तेही. त्याच संध्याकाळी आईने गच्चीच्या दाराची किल्ली चाळीच्या रखवालदाराकडून मागून आणली, पापड वाळत घालायचेत म्हणून. ती तिने पदराच्या टोकाला घट्ट गाठ मारून बांधली. पापड आमच्याकडे त्या वर्षी झालेच नाहीत. नानांना तिने फक्त ती गाठ दाखवली. नाना पाटावर बसले ते बराच वेळ कोट न काढता बसून राहिले. नंतर मी स्वतः आई झाले, मुलं तापाने फणफणलेली पाहिली, पण त्या संध्याकाळी नानांच्या तोंडावर जे होतं ते पुन्हा कुणाच्या तोंडावर पाहायची वेळ माझ्यावर आली नाही, आणि येऊ नये.

त्यानंतर नाना ऑफिसातून उशिरा यायला लागले. आले की दादाशेजारी न बसता गॅलरीच्या टोकाला, पाण्याच्या पिंपाजवळ जाऊन बसत. ऑफिसात हँडल फिरवायचं आकडेमोडीचं यंत्र होतं, त्यावर काहीतरी करून आणत आणि इथे कागदावर उतरवत. एका संध्याकाळी मी पिंपातून पाणी काढायला गेले. त्यांच्या मांडीवर लांबच लांब भागाकार होता. माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी मधल्या एका ओळीतले दोन अंक खोडरबराने पुसले. चौऱ्याहत्तर होते. फुंकर मारून रबराची भुकटी उडवली आणि तिथे सत्तेचाळीस लिहिले. मग खाली आणखी एका ओळीत तसंच. मग ताळा घेतला. मागून पुढे काही त्यांनी वाचलं नाही.

मी तांब्या धरून तशीच उभी. त्यांनी वर पाहिलं. ओरडतील असं वाटलं.

"कुमुद," ते म्हणाले. पूर्ण नावाने ते मला कधी हाक मारत नसत. "आईला म्हणावं, चहा टाक."

दुसऱ्या दिवशी ते पेढे घेऊनच घरी आले. चपला काढायच्या आधी दारातूनच म्हणाले, "मोहन, गेला रे भाग! एकसष्ट हजार तीनशे तेहेतीस. बाकी शून्य!" आवाज जरा जास्तच मोठा होता. बर्वेकाकू दाराशी आल्या. आईचा हात पदराकडे गेला. फुटला तर आधीच उतरेन म्हणाला होता, आणि ते मला आणि आईलाच माहीत होतं. नानांनी भिंतीला टेकून ताळा म्हणून दाखवला. "भाजकाचा ताळा सात. भागाकाराचा चार. सात चोक अठ्ठावीस, आठ आणि दोन दहा, दहाचा एक. आणि एकोणीस एकांची बेरीज एकोणीस, त्याचाही एक. जुळला. संपलं, बाळा. मूळ संख्या नव्हतीच ती. आता सोड."

दादाने कागद घेतला आणि तो खिडकीशी गेला. खाली छापखान्याचं यंत्र चालू होतं. त्याने कागदावर बोट ठेवलं, उजव्या कडेला, आणि ते डावीकडे सरकू लागलं. मला वाटलं, मेलो आपण. नानांनीच शिकवलेली रीत नानांच्याच गळ्याशी आली. बोट एका ओळीवर थांबलं. मग खाली आणखी एकदा थांबलं. दादाने मान वर करून नानांकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असेल असं मला वाटलं होतं. राग नव्हता. भीती होती, आणि ती मला तेव्हा अजिबात उमगली नाही.

"बरोबर आहे, नाना," तो म्हणाला. "फुटला."

त्याने कागदाची घडी घातली आणि पेढा तोंडात टाकला. नाना मोरीत गेले आणि खूप वेळ तोंडावर पाणी मारत राहिले. सकाळी दादाने दाढी केली. महिनाभराने परीक्षेला बसला, पुढच्या वर्षी बी.एस्सी. झाला, आणि सगळे एम.एस्सी. कर म्हणत असताना त्याने एका बँकेत कारकुनी धरली. आईने पदराची गाठ सोडली ती कधी, ते मी पाहिलं नाही.

इतकी वर्षं मी या गोष्टीचा अर्थ माझ्यापुरता लावून ठेवला होता. नाना खोटं बोलले, ते खोटं दादाने ओळखलं, आणि बापाने आपल्यासाठी काय केलं हे कळून तो उठला. बापलेकांनी न बोलता मिटवलेली गोष्ट, आपण मध्ये कशाला पडायचं? काही गोष्टी या हिशेबात बसत नव्हत्या, पण त्यांच्याकडे मी कानाडोळा केला. पहिल्या पगारापासूनच दादा नानांच्या मागे लागला, लवकर निवृत्ती घ्या म्हणून. विजेचं बिल, भाड्याची पावती, वाण्याचा हिशेब, नानांनी केलेलं काहीही तो पुन्हा तपासायचा, त्यांच्या समोर, हळू आवाजात, लहान मुलाला समजवावं तसा. आणि ऑफिसभर ज्यांच्या आकड्याचा दरारा, ते नाना गुपचूप कागद पुढे करायचे. "बघ बाबा, काही चुकलं असेल माझं." पुढे पुढे घरात त्यांनी आकडा लिहायचाच सोडला. ते गेले तेव्हा ऑफिसातले जुने लोक आले होते. एकजण म्हणाला, शेवटच्या दिवसापर्यंत यांच्या कागदात उलटा अंक सापडला नाही. मला वाटलं, मेलेल्या माणसाबद्दल लोक चांगलंच बोलतात.

आता फणसवाडीत आमच्या चाळीच्या जागी टॉवर उभा आहे. दादा दादरला राहतो. त्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून गेल्या महिन्यात मी त्याच्याकडे गेले होते. माझ्या नातीने मध्यंतरी तिच्या फोनवर एकोणीस एक टाकून पाहिले होते, ते मी त्याला सांगितलं. तिचा अंगठा उचलायच्या आत फोनने उत्तर दिलं, मूळ संख्या. शिवाय हे कुणीतरी फार पूर्वी, आम्ही जन्मायच्याही आधी सिद्ध करून ठेवलेलं होतं.

"माहीत आहे," दादा म्हणाला. "मी नोकरीला लागल्यावर लायब्ररीत वाचलं. आधी कळलं असतं तर..." त्याने हात झटकला. मग म्हणाला, "काल मी डॉक्टरला फोन लावला तो भलत्यालाच लागला. दोन अंक उलटे दाबले मी. म्हटलं, आलं, नानांचं दुखणं आपल्यालाही आलं."

"नानांचं कसलं दुखणं?"

"अगं तू लहान होतीस, तुला काय कळणार. त्या भागाकारात दोन ठिकाणी अंक उलटले होते. नानांच्या हातून! आणि ते पेढे घेऊन आले. त्या दिवशी मी घाबरलो, कुमे. म्हटलं, यांचं डोकं थकलं. माझ्यापायी जागून जागून थकलं. उद्या ऑफिसात असं झालं तर घर कसं चालायचं? म्हणून उठलो मी. नाहीतर माझ्यात उठायची ताकद होती कुठे? एम.एस्सी.चंही म्हणूनच सोडलं. बिचारे, पन्नाशीही नव्हती आली त्यांची."

मी हातातली बशी खाली ठेवली. सांगू नये असं वाटलं, आणि सांगितल्याशिवाय राहवेना. पिंपाजवळची ती संध्याकाळ मी त्याला सांगितली. चौऱ्याहत्तर आधी बरोबर लिहिलेले होते हे सांगितलं. खोडरबर, फुंकर, सत्तेचाळीस, सगळं सांगितलं. तो काळा चष्मा लावून बसला होता, त्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"म्हणजे नाना थकले नव्हते," तो शेवटी म्हणाला.

"नव्हते."

"शेवटपर्यंत?"

"शेवटपर्यंत."

त्याने मांडीवरच्या पंच्याचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. मग अगदी लहान आवाजात, त्या दुपारी मला विचारलं होतं तसंच, त्याने विचारलं, "मग मला बिलं का तपासू दिली गं त्यांनी?"